दशक्रियेसाठी कर्ज नको, आधी खर्च कुठे वाढतो ते बघा

आजी अंथरुणाला खिळल्यात, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय आणि काका दशक्रियेसाठी सोसायटीचं कर्ज काढायच्या गोष्टी करतायत, असं तुम्ही लिहिलंय. आत्ताच विचारलंत ते बरं केलंत, यात अशुभ काही नाही. माणूस गेल्यावर घरातल्यांचं डोकं ठिकाणावर नसतं, मग जो मोठ्याने बोलतो त्याचं चालतं.

आमच्या जुन्नर-शिरूरकडचा अनुभव सांगतो. अंत्यविधीला फार पैसे जात नाहीत. बांबू, सुतळी, मडकं, कापड आणि 300-400 किलो लाकूड. लाकडं बऱ्याचदा गावातूनच गोळा होतात. दहाव्याचा विधीही साधाच असतो: पिंड, तीळ, दर्भ, गुरुजींची दक्षिणा. कावळा शिवायला मांडव लागत नाही!

पैसा जातो तो त्याच्या आजूबाजूला. नावाजलेले महाराज प्रवचनाला, त्यांची बिदागी, गाडी, साउंड, फ्लेक्स. मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. त्यातल्या निम्म्यांनी आजींना कधी पाहिलेलंही नसतं. वर टॉवेल-टोप्या, आणि पाहुण्यांकडून येणारे दुखवट्याचे कपडे. ते कुणी वापरत नाही, पुढच्या दुखवट्याला तेच फिरतात. निरोप देतानाच 'दुखवटा आणू नये' असं स्पष्ट कळवा. सुरुवातीला नाकं मुरडतील, पण हायसं सगळ्यांनाच वाटतं.

काका, आत्या आणि भावकीतला एक वडीलधारा यांना आत्ताच एकत्र बसवा. खर्चाचा आकडा ठरवा, वही आणि रोकड एकाच्याच हाती द्या. आत्यांना वगळू नका, बऱ्याच घरांत लेकींना कुणी विचारतच नाही. आजी शुद्धीवर असतील तर त्यांनाही विचारा. म्हातारी माणसं याबद्दल आपल्यापेक्षा मोकळेपणाने बोलतात. नेत्रदान करायचं असेल तर तेही आत्ताच बोला. डोळे साधारण 6 तासांच्या आत काढावे लागतात, त्यामुळे जवळच्या नेत्रपेढीचा नंबर जवळ असू द्या.

कुणी 'लोक काय म्हणतील' म्हटलं तर गाडगेबाबांचं नाव घ्या. कर्ज काढून सणवार करू नका हे ते कीर्तनातून जन्मभर सांगत फिरले. त्यावर आमच्याकडे तरी कुणी वाद घालत नाही.

महाराजांऐवजी गावातलं भजनी मंडळ बोलवा, नारळ आणि चहावर येतात. आजींना जात्यावरच्या ओव्या येत असतील तर आत्यांना त्या आठवत असणार. दहाव्याला त्यांनी चार ओव्या म्हटल्या आणि एखाद्या नातवाने आजींबद्दल पाच मिनिटं बोललं, तर ते लोकांच्या लक्षात राहील. रक्षा नदीत सोडण्यापेक्षा बांधावर खड्डा घेऊन त्यात टाका, वर आंबा लावा. हे आता बरीच गावं करतात. जेवण घाला, पण आमटी-भात, एक भाजी आणि एकच गोड. पंगत घरच्या अंगणात बसेल एवढीच ठेवा.

कागदांचं विसरू नका. मृत्यू घरी झाला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र घ्या आणि 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा. मुदतीत केली तर विलंब शुल्क पडत नाही. दाखल्याच्या जादा प्रती तेव्हाच काढून घ्या. सातबाऱ्यावर वारसनोंद, बँक, विमा, सगळीकडे लागतात.