डीएनएसमास्क स्वतः कंपाइल करताना डीएचसीपीसाठी कोणते पर्याय चालू-बंद करावेत?

प्रश्न थोडक्यात असा: अभ्यासिकेच्या वाय-फायवर शंभरेक मोबाइल-लॅपटॉप येतात, त्यांना आयपी पत्ते वाटायला (म्हणजेच डीएचसीपीसाठी) रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर डीएनएसमास्क हा डीएनएस आणि डीएचसीपीचा छोटा सर्व्हर सोर्सवरून कंपाइल करायचा आहे. कंपाइल करतानाच काय ठरवावं लागतं आणि काय नंतर कॉन्फिग फाइलमधून भागतं?

तुमच्यासाठी कंपाइल करताना ठरवण्यासारखी खरी महत्त्वाची गोष्ट एकच आहे: हॅव_ब्रोकन_आरटीसी. बाकीचं बहुतेक सगळं नंतर बदलता येतं. (नावं मी देवनागरीत लिहितोय. टाइप करताना ती इंग्रजी मोठ्या अक्षरांत, मध्ये अंडरस्कोर देऊन लिहायची.)

पाय ४ वर बॅटरीवर चालणारं घड्याळ, म्हणजे आरटीसी, नाही. पाय ५ वर आहे, पण बॅटरी वेगळी जोडावी लागते. डीएनएसमास्क लीजच्या (म्हणजे ठराविक मुदतीसाठी दिलेल्या पत्त्यांच्या) फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक आकडा लिहितो. नेहमीच्या बांधणीत तो आकडा म्हणजे लीज संपण्याची वेळ, १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. पुढे मॅक पत्ता, आयपी, उपकरणाचं नाव आणि क्लायंट आयडी. आता लाइट गेली आणि आली, पाय चुकीची वेळ घेऊन उठला, त्या वेळेवर लीज दिल्या गेल्या आणि मग एनटीपीने (इंटरनेटवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेने) घड्याळ एकदम पुढे नेलं, तर सर्व्हरच्या हिशेबी त्या सगळ्या लीज एका क्षणात संपतात. मोबाइल मात्र तेच पत्ते वापरत राहतात. सर्व्हरला ते मोकळे दिसतात.

हॅव_ब्रोकन_आरटीसी दिलं की दोन गोष्टी बदलतात. वेळ मोजायला घड्याळाऐवजी मशीन चालू झाल्यापासूनचा काळ वापरला जातो, आणि फाइलमध्ये संपण्याच्या वेळेऐवजी लीजची लांबी लिहिली जाते. १२ तासांची लीज असेल तर पहिला आकडा ४३२००. नूतनीकरणाने ही लांबी बदलत नसल्यामुळे फाइल पुन्हा लिहावी लागत नाही. नवी लीज दिली किंवा जुनी गेली तरच लिहिली जाते. एसडी कार्डसाठी हा मोठा फायदा आहे. डीएनएसमास्कची आयपीव्ही४ ची मूळ लीज १ तासाची असते आणि उपकरणं साधारण निम्म्या वेळेला नूतनीकरण मागतात. १०० उपकरणं दिवसभर जोडलेली राहिली तर नेहमीच्या बांधणीत दिवसाला ४८०० च्या आसपास नूतनीकरणं होतात, आणि प्रत्येक नूतनीकरणानंतर फाइल नव्याने लिहायची असते.

याची एक किंमत आहे. रीस्टार्टनंतर प्रत्येक लीज पूर्ण लांबीने नव्याने मोजली जाते, म्हणून सकाळीच निघून गेलेल्या मोबाइलचा पत्ताही अडकून राहतो. दिवसातून तीनदा लाइट जात असेल तर १२ तासांची लीज ठेवू नका. २ तास पुरे, आणि पत्त्यांची रेंज २०० ची ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो हा पर्याय चालू किंवा बंद करताना. जुनी लीज फाइल तशीच ठेवली तर आकड्यांचा अर्थच बदलतो. १७० कोटींच्या घरातला संपण्याचा क्षण नवा प्रोग्राम लांबी म्हणून वाचतो, आणि ती लीज जवळजवळ ५४ वर्षांची होते. उलट बाजूने ४३२०० हा आकडा १ जानेवारी १९७० ची दुपार म्हणून वाचला जातो, म्हणजे सगळ्या लीज कधीच संपलेल्या. म्हणून आधी सेवा थांबवा, लीज फाइल पुसा, मगच नवा प्रोग्राम चालू करा. लिनक्सवर ती /वार/लिब/मिस्क/ मध्ये डीएनएसमास्क.लीजेस नावाने असते. त्याआधी कॉन्फिगमध्ये डीएचसीपी-ऑथॉरिटेटिव्ह ही ओळ घाला. ती असली की उपकरणाने आपला जुना पत्ता मागितल्यावर सर्व्हर तो नाकारत नाही, मान्य करून स्वतःची यादी पुन्हा उभी करतो. नेटवर्कवर दुसरा डीएचसीपी सर्व्हर नाही याची खात्री करूनच ही ओळ घाला. हे काम अभ्यासिका बंद असताना केलेलं बरं.

बांधणीकडे वळू. बिल्ड-इसेन्शियल आणि पीकेजी-कॉन्फिग ही पॅकेजं टाका. पर्याय मेक या आज्ञेला कॉप्ट्स नावाच्या चलातून द्यायचे. प्रत्येक पर्यायाआधी वजा चिन्ह आणि मोठा डी, मध्ये जागा नाही, आणि सगळे मिळून एका अवतरणात. हॅव_ ने सुरू होणारे पर्याय मुळात बंद असलेली गोष्ट चालू करतात, नो_ ने सुरू होणारे मुळात चालू असलेली गोष्ट बंद करतात. नुसतं मेक केलं तर डीएचसीपी, डीएचसीपीव्ही६ (आयपीव्ही६ साठीचं), टीएफटीपी (नेटवर्कवरून बूट होणाऱ्या मशीनना फाइली देणं) आणि लीज बदलल्यावर चालणारी स्क्रिप्ट हे सगळं येतं. डीबस (इतर प्रोग्रामांशी संवाद), डीएनएससेक (डीएनएसच्या उत्तरांवरच्या सह्या तपासणं), कॉनट्रॅक (कनेक्शनच्या खुणा पुढे नेणं) येत नाही.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. मेक करताना कॉप्ट्स दिला आणि नंतर मेक इन्स्टॉल करताना दिला नाही, तर मेकफाइलला पर्याय बदललेले दिसतात. ती जुन्या ऑब्जेक्ट फाइली पुसते, सगळं नव्याने बांधते आणि तुमचे पर्याय नसलेला प्रोग्राम मुकाट्याने बसवते. दोन्ही वेळा तोच कॉप्ट्स द्या. शिवाय नवा प्रोग्राम /यूएसआर/लोकल/एसबिन मध्ये जातो, तर डेबियनच्या पॅकेजचा /यूएसआर/एसबिन मध्ये असतो. सेवा जुन्यालाच चालू करत राहिली तर कितीही वेळा कंपाइल करा, फरक पडणार नाही.

म्हणून नव्या प्रोग्रामचा पूर्ण मार्ग देऊन त्याला वजा-व्ही लावून चालवा. कंपाइल टाइम ऑप्शन्स अशी एक ओळ येते, तिच्यात नसलेल्या गोष्टींपुढे नो- लागलेलं असतं. आरटीसीच्या बाबतीत अर्थ उलटा आहे: नो-आरटीसी हा शब्द दिसला म्हणजे तुमचा पर्याय लागू झालाय, आणि तो शब्दच नसेल तर नाही. यानंतर वजा-वजा-टेस्ट लावून कॉन्फिग तपासून घ्या. बांधणीत नसलेली सोय कॉन्फिगमध्ये मागितली असेल तर अनसपोर्टेड ऑप्शन अशी चूक येते.

काय बंद करावं? आकार वाचवण्यासाठी पाय ४ वर काहीही बंद करायची गरज नाही. पण न वापरणारा कोड नेटवर्कसमोर उघडा ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. २०१७ मध्ये गूगलच्या सुरक्षा संशोधकांनी डीएनएसमास्कमधल्या सात त्रुटी उघड केल्या होत्या. त्यांतल्या तीन डीएचसीपीव्ही६ आणि राउटर अ‍ॅडव्हर्टाइजमेंटच्या कोडमध्ये होत्या. २.७८ आवृत्तीत त्या दुरुस्त झाल्या. आयपीव्ही६ वाटायचाच नसेल तर नो_डीएचसीपी६ द्या, मात्र त्यासोबत एनेबल-आरए (राउटर अ‍ॅडव्हर्टाइजमेंट, म्हणजे आयपीव्ही६ नेटवर्कची माहिती उपकरणांना जाहीर करणं) ही सोयही जाते हे धरून चाला. नेटवर्कवरून मशीन बूट करत नसाल तर नो_टीएफटीपी. नो_स्क्रिप्ट मात्र देऊ नका: पुढे कधी नवं उपकरण आल्यावर नोंद करायची झाली तर डीएचसीपी-स्क्रिप्ट लागेल. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या लिनक्समध्ये तर डीएनएसमास्कची तीन वेगळी पॅकेजं मिळतात: साधं, डीएचसीपीव्ही६ वालं आणि फुल.

डीएनएससेक हवं असेल तर नेटल या क्रिप्टोग्राफीच्या लायब्ररीचं डेव्हलपमेंट पॅकेज लागतं, आणि घड्याळाचा प्रश्न परत समोर येतो. वेळ चुकीची असली की सह्या अवैध ठरतात, मग एनटीपी सर्व्हरचं नावच सापडत नाही आणि वेळ दुरुस्तच होत नाही. डीएनएससेक-टाइमस्टॅम्प हा कॉन्फिग पर्याय त्यासाठीच आहे. नाहीतर डीएस३२३१ चं छोटं घड्याळ मॉड्यूल आय२सी वर जोडा. मग डीएचसीपीची घड्याळाची अडचणही सुटते, फक्त कार्डवरचं लिखाण कमी होत नाही.

आता सोर्समधल्या कॉन्फिग.एच या फाइलमधले आकडे. लीजची कमाल संख्या १००० आहे, ती डीएचसीपी-लीज-मॅक्सने बदलते. लीज फाइलची जागा, कॅशचं १५० नोंदींचं माप, कोणत्या यूजरने चालायचं, हे सगळं कॉन्फिगमधून होतं, त्यासाठी कंपाइल करू नका. लॉगमध्ये नो लीजेस लेफ्ट आलं तर कमाल संख्या भरलीय, नो अ‍ॅड्रेस अव्हेलेबल आलं तर रेंज संपलीय. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

फक्त सोर्समध्येच बदलता येतात असे तीन आकडे तुमच्या कामाशी संबंधित आहेत. डिक्लाइन_बॅकऑफ ६०० सेकंद: उपकरणाने राखीव पत्ता दुसरीकडे वापरात आहे म्हणून नाकारला तर तो १० मिनिटं दिला जात नाही. पिंग_वेट ३ सेकंद: नवा पत्ता देण्याआधी तो वापरात आहे का हे पिंग करून तितका वेळ पाहिलं जातं. पिंग_कॅश_टाइम ३० सेकंद: पिंगचा निकाल तेवढा वेळ ग्राह्य धरतात. शेवटच्या दोघांचा एकत्र परिणाम लक्षात ठेवा. ३० सेकंदांत शक्य असलेल्या १० पिंगपैकी ६० टक्के, म्हणजे ६ झाले, की सर्व्हर गर्दी समजून पुढचे पिंग करतच नाही आणि पत्ता मोकळा धरतो. पिंग_वेट १ केलं तर ही मर्यादा १८ होते, पण उशिरा उत्तर देणारा झोपलेला मोबाइल निसटू शकतो. मी ३ च ठेवायला सांगेन. त्यापेक्षा हाताने दिलेले पत्ते, प्रिंटर किंवा कॅमेऱ्याचे, रेंजच्या बाहेर ठेवा.

तरीही बदलायचंच असेल तर कॉप्ट्समधून पिंग_वेट देऊन चालत नाही. कॉन्फिग.एच मधली व्याख्या नंतर वाचली जाते, कंपाइलर पुन्हा व्याख्या झाल्याचा इशारा देतो आणि फाइलमधलाच आकडा लागू होतो. फाइल उघडून आकडा बदला. लीज फाइल, कॉन्फिग फाइल आणि रिझॉल्व्ह फाइल यांचे मार्ग मात्र कॉप्ट्समधून देता येतात, तिथे मार्गाभोवतीची अवतरणं बॅकस्लॅश लावून जपावी लागतात.