आधी गाव सांगा, मग आडनाव

फ्रान्समधल्या नातेवाइकांचा माग काढणाऱ्यांची पत्रं महिनाभर साठली होती. बऱ्याच पत्रांत घोळ एकच आहे, म्हणून पहिलं उत्तर लांबलंय.

प्रश्न : मुलीनं फ्रेंच मुलाशी लग्न केलं. नातवासाठी दोन्हीकडची वंशावळ करतेय. जावयांचं आडनाव मार्तँ. नेटवर टाकलं तर हजारो मार्तँ निघाले. यातले आमचे कोणते? (पुणे)

निघणारच. मार्तँ हे फ्रान्समधलं सगळ्यांत जास्त आढळणारं आडनाव. नुसतं ‘जाधव’ म्हणून आपल्याकडे तरी कोण सापडेल? त्र्यंबकेश्वरी गेलात तर उपाध्ये चोपडी काढण्याआधी मूळ गाव विचारतात. फ्रान्समध्येही हाच प्रश्न पहिला, आणि आलेल्या दहा पत्रांतल्या नऊ पत्रांत त्याचंच उत्तर नसतं. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींची देशभराची एक वही तिथे नाही. सुमारे ३५ हजार गावं-शहरं आहेत, त्यांना ‘कोम्यून’ म्हणतात, आणि प्रत्येकाची वही वेगळी. १७९२ पासून ती नगरपालिका लिहिते, त्याआधी चर्च लिहायचं. जुन्या वह्या जिल्ह्याच्या अभिलेखागारात असतात आणि बहुतेक जिल्ह्यांनी त्या ऑनलाइन फुकट ठेवल्यात. पण गाव माहीत नसेल तर उघडणार कोणती?

म्हणून सुरुवात आजपासून करा आणि एकेक पिढी मागे जा. जावयांना त्यांच्या जन्मनोंदीची पूर्ण नक्कल मागवायला सांगा. नोंद ७५ वर्षांच्या आतली असेल तर ती परक्याला मिळत नाही. तुम्ही अर्ज करून उपयोग नाही. त्या नकलेत आईवडिलांचा तपशील असतो, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. तिथल्या सरकारी कागदांत बाई मरेपर्यंत माहेरच्याच नावानं असते, हे आपल्या पथ्यावर पडतं. समास मात्र सोडू नका. १८९७ पासून जन्मनोंदीच्या समासात लग्नाची टीप येते आणि १९४५ पासून मृत्यूची, म्हणजे पुढचं गाव आयतं हाती लागतं. १९७० नंतर वारलेल्यांची यादी तिथल्या ‘इन्से’ या सांख्यिकी संस्थेनं सगळ्यांसाठी खुली केली आहे. तीत जन्मतारीख आणि जन्मगाव दोन्ही असतात.

जन्मनोंदीची नक्कल फुकट मिळते. सरकारी थाटाच्या काही वेबसाइट तिचेच पैसे घेतात. नगरपालिकेकडे थेट अर्ज करा.

घराणं पॅरिसचं निघालं तर मन घट्ट करा. १८६० च्या आधीच्या वह्या मे १८७१ च्या आगीत गेल्या. नोंदींच्या दोन प्रती ठेवायची पद्धत होती, पण दोन्ही इमारती जळाल्या. पुढे जेमतेम एक तृतीयांश नोंदी पुन्हा उभ्या केल्या. अशा वेळी तिथल्या अभिलेखागाराच्या माणसांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रश्न : सासऱ्यांच्या कागदांत ‘वर्ष ७, १२ फ्लोरेआल’ अशी तारीख आहे. चूक आहे का? (लिओं)

नाही. ते क्रांतीनंतरचं पंचांग, १ जानेवारी १८०६ ला बंद झालं. तुमची तारीख १ मे १७९९.

प्रश्न : तुलूझच्या जावयांना डीएनए किट भेट पाठवू का? (मुंबई)

पाठवू नका. हौसेखातर अशी चाचणी करून घेणं फ्रान्समध्ये बेकायदा आहे आणि दंड ३,७५० युरोंपर्यंत. “सगळेच करतात” हे मला सांगू नका, वकिलाला सांगा.

प्रश्न : आमचे पूर्वज महादजी शिंद्यांच्या फौजेतले फ्रेंच सेनापती, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. फ्रान्समध्ये नोंद मिळेल? (ग्वाल्हेर)

कोणते सेनापती? डी बॉयन असतील तर १७५१ मध्ये ते जन्मले तेव्हा त्यांचं शांबेरी फ्रान्समध्ये नव्हतंच. ते गाव साव्होयमधलं, आणि साव्होय कायमचं फ्रान्सला जोडलं गेलं १८६० साली. त्यांच्यामागून आलेले पेराँ मात्र फ्रेंच. आणि त्या फौजेत गोरे अधिकारी पुष्कळ होते, सगळेच सेनापती नव्हते. घरात सांगतात ती गोष्ट झाली, पुरावा नव्हे. तुमच्या आजोबांपासून मागे एकेका पिढीचा कागद जमवा. साखळी जिथे तुटेल तिथे मला पुन्हा लिहा.

प्रश्न : आडनावाआधी ‘द’ असेल तर घराणं सरदारी ना? एक कंपनी कुलचिन्ह फ्रेम करून देते. (नाशिक)

‘द’वरून काही ठरत नाही. चिन्ह विशिष्ट घराण्याचं असतं, आडनावाचं नसतं. पैसे वाचवा.

प्रश्न : आजोबा पुदुच्चेरीचे, फ्रेंच अमलातले. एजंट म्हणतो, पासपोर्ट नक्की. (ठाणे)

‘नक्की’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. ऑगस्ट १९६२ पासून सहा महिने तिथल्या लोकांना फ्रेंच नागरिकत्व राखण्याचा पर्याय होता. आजोबांनी तो घेतला होता का, आणि तुमच्या वडिलांचं वय तेव्हा काय होतं, यावर पुढचं अवलंबून. जुन्या नोंदी एक्स-आँ-प्रोव्हाँसच्या अभिलेखागारात शोधा, त्यांतल्या कितीतरी ऑनलाइन दिसतात. बाकीचं नागरिकत्व कायद्याच्या वकिलाकडे. माझ्याकडे नको, एजंटाकडे तर नकोच.

प्रश्न : फ्रान्सहून पत्र आलं, दूरच्या नातेवाइकाचा वारसा आहे म्हणे. आधी फी मागतात. (पणजी)

वारस शोधणारे व्यावसायिक तिथे खरोखर असतात. ते मिळालेल्या रकमेतून हिस्सा घेतात, आधी काही मागत नाहीत. एक पैसाही पाठवू नका. वारशाचं काम कोणत्या नोतेरकडे, म्हणजे तिथे वारसा-दस्तांचं काम बघणाऱ्या सरकारमान्य कायदेतज्ज्ञाकडे, आहे ते विचारा. त्यांचा पत्ता त्या पत्रातून घेऊ नका, नोतेरांच्या अधिकृत यादीतून स्वतः शोधा. सही करण्याआधी वकील.

प्रश्न : जावयांची आजी ९२ वर्षांची आहे. पुढच्या दिवाळीत जाऊ तेव्हा सगळं विचारू म्हणतो. (कोल्हापूर)

दिवाळी कशाला? या रविवारी व्हिडिओ कॉल लावा. जावयांना दुभाषी करा, त्यांच्या परवानगीनं रेकॉर्डिंग करा. कपाटातल्या फोटोंच्या मागच्या बाजू दाखवायला सांगा, बऱ्याचदा गाव तिथे पेन्सिलीनं लिहिलेलं असतं. आणि ‘लिव्रे द फामीय’ नावाची कुटुंबाची छोटी पुस्तिका कुठे ठेवलीय, हे सगळ्यांत आधी विचारा.