थ्रस्टरचा झोत मागे जात असेल, तर सिम्युलेशनमध्ये संपूर्ण यान कशासाठी घ्यायचे?

हॉल थ्रस्टर म्हणजे वायूचे आयन विद्युत व चुंबकीय क्षेत्रांच्या साहाय्याने वेगाने बाहेर फेकणारे यानाचे इंजिन. त्यातून निघणारा झेनॉन वायूचा झोत यानापासून दूरच जातो. मग सौरपंखांसह संपूर्ण यानाचे प्रारूप कशाला हवे, आणि हवेच असेल तर प्रत्येक आयन व इलेक्ट्रॉन कण म्हणूनच का हाताळू नये, असे आपण विचारले आहे.

मुख्य झोताविषयी आपले म्हणणे बरोबर आहे. सेकंदाला १५ ते २० किलोमीटर वेगाने गेलेले ते आयन परत येत नाहीत. उपद्रव असतो तो मंद आयनांचा. थ्रस्टरमध्ये सोडलेल्या झेनॉनपैकी थोडा वायू आयनीभवन न होताच बाहेर पडतो. वेगवान आयन अशा अणूजवळून जाताना त्याचा इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि स्वतः उदासीन होऊन त्याच वेगाने पुढे निघून जातो. मागे उरतो तो सेकंदाला जेमतेम काहीशे मीटर वेगाचा आयन. झोताच्या गाभ्याचे विद्युत विभव (व्होल्टमध्ये मोजली जाणारी विद्युत पातळी) भोवतालापेक्षा जास्त असल्यामुळे हा आयन बाजूला ढकलला जातो, आणि असे काही आयन वळून यानाच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतात.

सगळेच कणरूपाने हाताळण्याचा हिशोब मात्र जमत नाही. झोताच्या मुखाशी डिबाय लांबी, म्हणजे ज्या अंतरापलीकडे एका विद्युतभाराचा प्रभाव भोवतालच्या भारांमुळे झाकला जातो ते अंतर, सुमारे ०.१ मिलिमीटर असते आणि गणनेसाठी जागेचे जे जाळे पाडतात त्याचे घर साधारण तेवढेच लहान ठेवावे लागते. ५ मीटर बाजूच्या घनात अशी सव्वाशे लाख कोटी घरे होतील. त्यातच इलेक्ट्रॉनसाठी काळाची पायरी नॅनोसेकंदाच्या काही शतांश भागांची लागते, तर मंद आयनाला यान ओलांडायला मिलिसेकंदभर लागतो. म्हणून आयन कणरूपाने आणि इलेक्ट्रॉन सुटे कण न मोजता एका सलग प्रवाहाच्या रूपाने, अशी संमिश्र पद्धत घ्यावी.

या पद्धतीत खरी अडचण इलेक्ट्रॉनच्या तापमानाची आहे. ते स्थिर धरले, तर घनता दहापट कमी होताना विभव तापमानाच्या २.३ पट उतरते, म्हणजे तापमान ३ इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेच्या या एककात ते मोजतात) असल्यास सुमारे ७ व्होल्ट, आणि ही उतरण कुठेच थांबत नाही. माझ्या पहिल्या प्रारूपात मी नेमके हेच केले होते. गणनेत घेतलेली जागा मोठी केली की आयनांची ऊर्जा वाढायची, आणि दोष कुठे आहे हे कळायला मला बरेच दिवस लागले. प्रसरणाबरोबर इलेक्ट्रॉन थंड होतात, हे समीकरणात यायलाच हवे.

आता यानाच्या भूमितीकडे येतो. सप्टेंबर २००३ मध्ये निघालेले युरोपीय अवकाश संस्थेचे स्मार्ट-१ हे यान एकाच हॉल थ्रस्टरच्या बळावर चंद्रापर्यंत गेले. सौरपंख फिरले की भोवतालच्या प्लाझ्माच्या (आयन व इलेक्ट्रॉन यांच्या मिश्रणाच्या) तुलनेत त्या यानाचे विभव बदलत असे. सौरघटांना जोडणाऱ्या धातूच्या उघड्या पट्ट्या धन विभवावर असतात आणि मंद आयनांसोबत आलेले इलेक्ट्रॉन ओढून घेतात. पंखाची ती बाजू झोताकडे वळली आहे की नाही, यावर किती इलेक्ट्रॉन जमा होतील हे ठरते. पंख वगळलेल्या प्रारूपात हा परिणाम दिसणारच नाही. स्पिस ही यान आणि प्लाझ्मा यांच्या परस्परक्रियेची गणना करणारी मुक्त स्रोत संगणक प्रणाली अशा कामासाठीच आहे, तेव्हा स्वतःचा कोड लिहिण्याआधी ती वापरून पाहावी.

पडताळणीबाबत एक सावधगिरी. थ्रस्टरची चाचणी जमिनीवर ज्या निर्वात कक्षात होते त्यात थोडा झेनॉन नेहमीच शिल्लक असतो आणि त्यामुळे मंद आयन अवकाशातल्यापेक्षा जास्त तयार होतात. म्हणून आधी कक्षातील दाब प्रारूपात घालून मोजमापांशी मेळ बसवावा, आणि मगच तो काढून अवकाशातील स्थितीची गणना करावी.