आंबा विक्रीचे संकेतस्थळ, ‘रोलओव्हर बँडविड्थ’ आणि ५,३१० रुपयांचे बिल

प्रश्न : रत्नागिरी तालुक्यात आमची हापूसची बाग आहे आणि मी संकेतस्थळावरून पेट्या थेट ग्राहकांना विकते. गेल्या जूनमध्ये एका कंपनीकडून वर्षभराचे होस्टिंग (साइट इंटरनेटवर ठेवण्याची सेवा) घेतले. महिना ५० जीबी बँडविड्थ (साइट पाहणाऱ्यांपर्यंत जाणारा डेटा) आणि ‘न वापरलेली बँडविड्थ पुढे जमा, काहीही वाया जात नाही’ अशी जाहिरात होती. जून ते फेब्रुवारी दर महिन्याला १२ जीबीच वापर झाला, मार्चमध्ये ४५ जीबी. एप्रिलमध्ये वापर १३० जीबीवर गेला, तेव्हा ऐन अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात साइट चार दिवस बंद केली गेली. शिल्लक फक्त पुढच्या एकाच महिन्यापुरती टिकते असे सांगून ७५ जीबी जादा वापराचे, प्रति जीबी ६० रुपये दराने, जीएसटीसह ५,३१० रुपयांचे बिल आले. ८० टक्के वापर झाल्यावर ई-मेल पाठवू असे त्यांच्या अटींत आहे, पण तो ई-मेल आला नाही. मी काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपले पत्र आणि सोबतच्या अटी मी लक्षपूर्वक वाचल्या. आपली बाजू तीन ठिकाणी सारखी भक्कम नाही, हे आधीच सांगितलेले बरे. पूर्वसूचनेशिवाय साइट बंद करणे हा आपला सर्वांत बळकट मुद्दा आहे, जाहिरातीतील वाक्य हा दुसरा, आणि शिल्लक एका महिन्यात संपते ही अट मुळातच बेकायदा आहे हा युक्तिवाद सर्वांत कच्चा आहे.

जुलैतील न वापरलेली बँडविड्थ कणगीतल्या भातासारखी साठवून ठेवता येत नाही. होस्टिंग कंपन्या आपल्या पुरवठादाराला पुष्कळदा गर्दीच्या वेळच्या वेगाच्या हिशेबाने पैसे देतात, त्यामुळे पावसाळ्यात आपण कमी वापर केला म्हणून त्यांच्याकडे कोणताही साठा तयार होत नाही. ‘रोलओव्हर’, म्हणजे शिल्लक पुढे जमा होणे, हे म्हणूनच निव्वळ करारातील आश्वासन असते, आणि त्याची किंमत शिल्लक किती दिवस टिकते, तिला कमाल मर्यादा किती, योजना बदलल्यावर तिचे काय होते आणि आधी काय खर्ची पडते या चार गोष्टींवर ठरते. वर्षभर सारखाच आणि कोट्याच्या आत वापर असणाऱ्या संकेतस्थळाला रोलओव्हरचा जवळजवळ काहीच उपयोग नसतो. आपल्यासारख्या हंगामी व्यवसायाला तो खरोखर होऊ शकतो, आणि म्हणूनच ही जाहिरात आपल्याला पटली यात आपली चूक नाही.

या चारांपैकी खर्चाचा क्रम फार थोडे लोक पाहतात, आणि आपल्या प्रकरणात सगळा फरक तिथेच पडतो. कंपनीने चालू महिन्याचा कोटा आधी खर्ची टाकला, म्हणून मार्चमध्ये ५० पैकी ४५ जीबी वापरून एप्रिलसाठी केवळ ५ जीबी उरली आणि ७५ जीबी जादा ठरली. आता एक महिन्याची मुदत तशीच ठेवून जुनी शिल्लक आधी खर्ची टाकून पाहा. फेब्रुवारीचे १२ जीबी जानेवारीच्या शिलकीतून जातात, त्यामुळे फेब्रुवारीचा पूर्ण ५० जीबी कोटा मार्चमध्ये येतो. मार्चचे ४५ जीबी त्यातून भागतात आणि मार्चचा पूर्ण कोटा एप्रिलसाठी राहतो. एप्रिलमध्ये १०० जीबी हाताशी असते, जादा वापर ३० जीबी होतो, आणि बिल १,८०० रुपये अधिक ३२४ रुपये जीएसटी, म्हणजे २,१२४ रुपये येते. आपण पाठवलेल्या अटींत या क्रमाविषयी एक शब्दही नाही, आणि शिलकीवर दुसरी मर्यादाही नाही. एकतर्फी लिहिलेल्या छापील करारात अट संदिग्ध असेल, तर तिचा अर्थ ती लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा, हे आपल्या न्यायालयांनी स्वीकारलेले तत्त्व आहे. म्हणून जून ते मार्चच्या संपूर्ण ३४७ जीबी शिलकीवर हक्क सांगण्यापेक्षा ३,१८६ रुपयांच्या या फरकावर बोट ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ही मागणी हिशेबाने सिद्ध होते.

जाहिरातीबाबत २०२२ ची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे उपयोगी पडतील. मुख्य दाव्याला खोडून काढणारी किंवा महत्त्वाची माहिती दडवणारी तळटीप त्यांना मान्य नाही. ‘काहीही वाया जात नाही’ हे मोठ्या अक्षरांत आणि एका महिन्याची मुदत अटींच्या आतल्या पानावर, ही मांडणी अनुचित व्यापारी प्रथेत बसवता येईल. ई-मेल न पाठवता साइट बंद करणे ही तर कंपनीच्या स्वतःच्याच अटीनुसार सेवेतील त्रुटी आहे.

खरी अडचण पुढे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) नुसार व्यापारी हेतूने सेवा घेणारी व्यक्ती ‘ग्राहक’ ठरत नाही, आणि ग्राहक आयोगात दाद ‘ग्राहक’च मागू शकतो. जुन्या कायद्यात स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यांसाठीच्या अपवादात वस्तू आणि सेवा या दोन्हींचा उल्लेख होता. नव्या कायद्यातील स्पष्टीकरणात केवळ वस्तूंचा आहे. आपले बिल जीएसटी क्रमांकासह व्यवसायाच्या नावाने असेल, तर समोरचे वकील हा आक्षेप पहिल्याच तारखेला घेतील. उत्तरादाखल लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल दाखवावा. व्यवहाराचा प्रमुख हेतू काय होता हे प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीवरून पाहावे, असे तो सांगतो. बाग कुटुंब स्वतः सांभाळते आणि उपजीविका तिच्यावरच आहे, हे प्रतिज्ञापत्रात ठळकपणे लिहावे. तरीही या मुद्द्यावर हरण्याचा धोका आहे, आणि तो मी आपल्यापासून लपवणार नाही.

ग्राहक आयोगात जायचे ठरल्यास रत्नागिरीच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येईल, कारण याच कायद्याचे कलम ३४ तक्रारदाराच्या राहत्या जागी दाद मागू देते. सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असल्याने शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षे. अटींतील लवादाच्या कलमाने (वाद खासगी लवादाकडेच नेण्याची अट) घाबरू नये, एमार एमजीएफ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ग्राहकाची ही वाट मोकळी ठेवली आहे. मात्र अट ‘अनुचित करार’ म्हणून रद्द करून मागायची असेल तर राज्य आयोगाकडे जावे लागते. एवढ्या रकमेसाठी तो खटाटोप मी सुचवणार नाही.

त्याआधी ही पावले उचला. साइटचा आणि ई-मेलचा संपूर्ण बॅकअप आजच घ्या, डोमेन आपल्याच नावावर आहे ना ते तपासा. कंट्रोल पॅनेलमधील महिनावार वापराची पाने आणि एप्रिलचे अॅक्सेस लॉग (साइट कोणी, कधी उघडली याच्या नोंदी) उतरवून ठेवा. १३० पैकी काही भाग शोधयंत्रांच्या बॉटनी (पाने आपोआप चाळणाऱ्या प्रोग्रामनी) किंवा आपली छायाचित्रे थेट उचलणाऱ्या परक्या साइटनी खाल्ला असल्यास तेही त्यात दिसेल. जूनमधील जाहिरातीचे पान बदलले असेल तर वेबॅक मशीन या, साइटच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर जुनी प्रत शोधा. अशा नोंदींसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र जोडावे. बंद काळातील नुकसान मागताना मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याच्या ऑर्डरी आणि पेमेंट गेटवेचे विवरण समोर ठेवा, अंदाजाने मोठा आकडा घालू नका.

बिल थकवल्यास साइट पुन्हा बंद होण्याची भीती असल्याने रक्कम ‘हक्क राखून, निषेधासह’ असे ई-मेलने कळवून भरावी. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला वरील दोन्ही हिशेब आणि न आलेल्या ई-मेलचा मुद्दा लिहून पाठवावा आणि उत्तरासाठी १५ दिवस द्यावेत. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. रत्नागिरीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व (तक्रार दाखल होण्याआधीच्या) लोकअदालतीसाठी अर्जही देता येईल. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. रक्कम पाहता लोकअदालतीचा मार्ग मला आयोगापेक्षाही सोयीचा वाटतो.

वार्षिक मुदत आता जूनमध्ये संपते आहे. नूतनीकरणापूर्वी खर्चाच्या क्रमाविषयी आणि शिलकीच्या मुदतीविषयी कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. ते टाळाटाळ करत असतील, तर रोलओव्हर नसलेली साधी योजना घेऊन मार्च ते मे एवढ्याच काळासाठी कोटा वाढवून मिळेल का, हे दुसऱ्या पुरवठादाराला विचारा.