मुलगी गावाहून तालुक्याच्या शाळेत सायकलनं जाते, घरातलं मोटरसायकलचं हेल्मेट तिला चालेल का?

नाही, तिला सायकलचंच हेल्मेट घ्या. मोटरसायकलचं हेल्मेट किलोभराच्या वर भरतं, मोठ्यांच्या मापाचं असल्यानं डोक्यावर हलतं, मागून येणारी गाडी नीट ऐकू येत नाही आणि आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात पायडल मारताना पोरगी ते काढून हँडललाच अडकवेल. सायकलचं साधारण ३०० ग्रॅमचं, हवेला भोकं असलेलं असतं. आत ‘ईएन १०७८’ (EN 1078, सायकल हेल्मेटचं युरोपीय सुरक्षा मानक) छापलंय का ते पाहा. भुवयांच्या दोन बोटं वर बसावं, पट्टा हनुवटीखाली एक बोट जाईल इतका घट्ट हवा. उन्हासाठी दुपट्टा बांधायचा असेल तर खाली एकच पातळ पदर ठेवा, गाठ मागे नको, नाहीतर हेल्मेट वर उचललं जातं. एकदा जोरात आपटलं की बदलाच, तडा दिसत नसला तरी आतला थर्माकोलसारखा थर दबलेला असतो.

मात्र या मानकाची चाचणी साधारण २० किमी वेगाच्या धडकेची आहे. म्हणजे खड्ड्यात पडली तर डोकं वाचेल, ट्रकच्या धडकेत खात्री नाही. म्हणून ती दिसणं तितकंच गरजेचं. ट्रॉलीला मागे लावतात ती लाल रेडियमची पट्टी मागच्या मडगार्डवर आणि पायडलला लावा, एक लाल लुकलुकता दिवाही. हिवाळ्यात शाळा सुटेस्तोवर अंधारतं, आणि कापसाच्या गाड्याही तेव्हाच रस्त्यावर असतात.