काकांनी दिलेला जुना स्कुबा रेग्युलेटर ठेवावा की नवा घ्यावा?

तुम्ही परभणीत राहता, तारकर्लीला कोर्स केलाय, वर्षातून एखाद्या वेळी समुद्रात उतरता आणि जहाजावर नोकरी केलेल्या काकांनी त्यांचा 1990 च्या दशकातला रेग्युलेटर (सिलिंडरमधली दाबाची हवा श्वासाजोगी करून तोंडात देणारं यंत्र) तुम्हाला दिलाय. तो ठेवावा की विकून नवा घ्यावा, असं विचारलंय. मी छत्रपती संभाजीनगरचा, माझाही फर्स्ट स्टेज, म्हणजे रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग, जुनाच आहे. माझं म्हणणं एवढंच की त्याचं वय मोजत बसू नका. त्या मॉडेलचं सर्व्हिस किट आज मिळतं का, ते आधी शोधा.

फर्स्ट स्टेज म्हणजे क्रोम चढवलेलं पितळ. नीट सांभाळलं तर ते तीस-चाळीस वर्षं सहज टिकतं. झिजतात त्या ओ-रिंगा (रबरी कड्या), डायाफ्राम (लवचीक पडदा) आणि हाय प्रेशर सीट (सिलिंडरची हवा अडवणारी झडपेची गादी), आणि किटमध्ये झिजणारे हेच भाग नवे येतात. किट मिळत असेल तर काकांचा रेग्युलेटर ठेवा. मिळत नसेल तर कंपनी कितीही नावाजलेली असो, तो घेऊन पाण्यात उतरू नका.

तो कुठे ठेवला होता, हेही काकांना विचारा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 42-43 वर जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तर त्याहून जास्त तापतं. त्यात रबर कडक होतं. होज, म्हणजे हवेची रबरी नळी, धातूच्या टोकाजवळ वाकवून पाहा, बारीक भेगा दिसतील. नाही दिसल्या तरी इतक्या जुन्या होज बदलूनच घ्या.

मग फर्स्ट स्टेजच्या तोंडातला बारीक जाळीचा फिल्टर उजेडात बघा. हिरवट दिसला तर आत पाणी, बहुतेक खारं, शिरून पितळ गंजलंय. तांबूस असेल तर स्टीलच्या सिलिंडरमधला गंज आलाय. काळपट असेल तर कंप्रेसरच्या फिल्टरमधली कोळशाची भुकटी. हिरवा फिल्टर मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण सीट जिथे बसते तिथली धातूची कड खड्डे पडून गेली असेल तर नवं किट टाकूनही गळती थांबत नाही.

सर्व्हिस झाल्यावर इंटरमीडिएट प्रेशर, म्हणजे फर्स्ट स्टेजमधून पुढे जाणाऱ्या हवेचा दाब, मोजून दाखवायला सांगा. बहुतेक मॉडेल्समध्ये ते 9-10 बारच्या आसपास असतं. श्वास घेतल्यावर काटा खाली येऊन परत जागेवर थांबला पाहिजे. हळूहळू वर सरकत राहिला तर सीट बरोबर बसलेली नाही. अशा वेळी सेकंड स्टेजमधून, म्हणजे तोंडात धरायच्या भागातून, हवा आपोआप वाहू लागते. हवा बंद पडत नाही, पण सिलिंडर फार लवकर रिकामा होतो.

अनबॅलन्स्ड पिस्टनचा साधा रेग्युलेटर निघाला तर नाक मुरडू नका. सिलिंडरमधली हवा उतरली की श्वास थोडा जड होतो, पण मालवणच्या 10-15 मीटरवर ते फारसं जाणवत नाही. 30 मीटरच्या पुढे जायचा विचार असेल तर मात्र बॅलन्स्ड, म्हणजे हवा उतरली तरी श्वास जड न होऊ देणारा, घ्या. बीसीडीच्या (हवा भरून तरंगणं सांभाळणाऱ्या जॅकेटच्या) होजसाठी आणि ऑक्टोपससाठी (जोडीदारासाठीच्या जादा सेकंड स्टेजसाठी) लो प्रेशर पोर्ट, म्हणजे होज जोडायची तोंडं, पुरेसे आहेत का, तेही मोजा. खूप जुन्या मॉडेल्सना ते कमी असतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. नवा सेकंड स्टेज स्वतःच्या तोंडात आणि जुना, जड चालणारा ऑक्टोपसला, असं बरेच जण करतात. ऑक्टोपस लागतो तो हवा संपलेल्या, घाबरलेल्या जोडीदाराला. त्याला तुमच्याइतकाच सहज श्वास मिळायला हवा.

नवा घ्यायचाच झाला तर सीलबंद डायाफ्रामचा घ्या. त्यात खारं पाणी आणि गाळ फर्स्ट स्टेजच्या आतल्या भागांपर्यंत पोचत नाही. जुना असो की नवा, धुताना बोअरचं पाणी टाळा. आपल्याकडच्या जड पाण्याचे क्षार सुकून आत पांढरे थर धरतात. फिल्टरचं पाणी बादलीभर घ्या, फर्स्ट स्टेजची टोपी घट्ट लावा, भिजताना पर्ज बटण (सेकंड स्टेजवरचं हवा सोडायचं बटण) दाबू नका आणि सावलीत वाळवा.

मराठवाड्यात सर्व्हिससाठी दुकान शोधत बसू नका, मुंबई किंवा गोव्याला पाठवावा लागेल. आधी मॉडेलचं नाव, सिरियल नंबर आणि फिल्टर यांचे फोटो पाठवा. किट आहे असं लेखी उत्तर आलं, तरच कुरिअर करा.