काऊचं घर, आणि नुसता बघत बसणारा मुलगा

"पोरगा शाळेतून येतो तो शेणानं बरबटून. विचारलं तर म्हणतो, काऊचं घर केलं. याला लिहायला कधी शिकवणार?" मोठ्या गटातल्या साडेपाच वर्षांच्या मुलाची आई तावातावानं सांगत होती. मुलाला इथे मिहिर म्हणू. जरा वेळानं आवाज खाली आला. "आणि तिथेही हा काही करत नाही हो. बाईंनी व्हिडिओ पाठवला. गटातली बाकीची मुलं राबतायत, हा शेजारी उकिडवा बसून बघतोय."

लिहिण्याची तक्रार निमित्ताची होती. आपलं मूल मागे पडतंय, ही खरी धास्ती.

मी बाईंशी बोलले. चिऊ-काऊची गोष्ट सांगून त्या थांबल्या नव्हत्या. शेणाचं घर खरंच वाहून जातं का, बघू या, असं त्यांनी मुलांवरच सोपवलं. गटागटानं शेण, मेण, माती, काड्या घेऊन घरं झाली, पराती मांडल्या, झारीनं पाऊस पाडला. किती झाऱ्यांनंतर कोणाचं घर बसलं, हे फळ्यावर रेघा मारून मोजलं. पुढे आवारातल्या आंब्यावरचं कावळ्याचं घरटं बघायला सगळे गेले. त्यात काड्या होत्या, तारेचे तुकडे होते, शेण औषधालाही नव्हतं. "बाई, गोष्ट खोटी आहे!" म्हणून एकच गिल्ला झाला. अक्षरं गिरवून हा प्रश्न पडला नसता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालशिक्षण उभं केलं ते असंच, भोवती सापडणाऱ्या वस्तूंवर. 2022 चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही 3 ते 8 वर्षांसाठी खेळातून शिकण्यावरच भर देतो.

आता बघत बसण्याचं. अमेरिकन संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी 1932 साली लहान मुलांच्या खेळाचे जे प्रकार मांडले, त्यात दुसऱ्यांचा खेळ बघणं हाही एक आहे. बघणारं मूल रिकामं नसतं. व्हिडिओ मी आईबरोबर पुन्हा पाहिला, या वेळी फक्त मिहिरकडे बघत. झारी फिरली की त्याची मान फिरत होती. एका गटानं आदल्या दिवशीचं वाळलेलं घर आणलं होतं, दुसऱ्यांचं ओलं होतं. ओलं पहिल्यांदा बसलं, तेव्हा तो पुटपुटला, "त्यांचं वाळलंय ना." आईनं ते आधी ऐकलंच नव्हतं.

बाईंना मी एवढंच सुचवलं: त्याला "तूही कर ना" म्हणू नका, ज्याच्यावाचून गटाचं अडेल असं छोटं काम द्या. त्याला झारी मिळाली. त्यानं ओतल्याशिवाय पाऊस नाही, म्हणजे "आता टाक", "थांब" हे बोलणं ओघानं आलंच. तिसऱ्या पावसाच्या वेळी तोच ओरडला, "अरे, आधी वाळू दे!" गट चारांपेक्षा मोठा नको, हेही सांगितलं, आठ जणांत असं मूल सहज दडी मारतं.

घरी आईनं "आज काय लिहिलंस?" आणि "तू का नाही केलंस?" हे दोन्ही प्रश्न बंद करायचे ठरले. त्याऐवजी वाटाणे सोलताना, कपडे घडी करताना दोघांचं मिळून एक काम.

सगळ्याच गप्प मुलांना हे लागू नाही. मूल इतरांकडे बघतच नसेल, हाकेला ओ देत नसेल, घरच्यांशीही बोलणं-खेळणं नसेल किंवा येत असलेले शब्द कमी होत असतील, तर वाट बघत बसू नका, बालविकासतज्ज्ञांकडे दाखवा. मिहिरचं तसं काही नव्हतं. घरी तो आजोबांचं डोकं खातो.

वर्तुळात बसून गाणी म्हणायला अजून तो तयार नाही. आईला त्याचं अधूनमधून टोचतं, मला नाही.